फ्रान्समधल्या शेनोंसोच्या शातोला (म्हणजे महालाला) पहिल्यांदाच जाताय?

पॅरिसहून धावतपळत एका दिवसात तीन शातो उरकायचा बेत आधी रद्द करा. जवळच्या तूर शहरात मुक्काम टाका. तिथून लोकल गाडीने शेनोंसो साधारण अर्धा तास, आणि स्टेशन अगदी फाटकाजवळ.

सकाळी दार उघडताच थेट नदीवरच्या दालनात शिरा. 60 मीटर लांब, 18 खिडक्या, पायाखाली काळ्या-पांढऱ्या फरशा आणि दोन्ही बाजूंना शेर नदी. खालचा पूल बांधून घेतला दियान द प्वातिएने, म्हणजे राजा दुसऱ्या हेन्रीच्या प्रेयसीने. 1559 मध्ये राजा गेला, तशी राणी कातरिन द मेदिचीने तिला बाहेर काढलं आणि त्याच पुलावर हे दालन चढवलं. दोघींच्या बागा अजून आहेत. दियानची मोठी, (मला विचाराल तर) कातरिनची जास्त देखणी. पहिल्या महायुद्धात याच दालनात जखमी सैनिकांच्या खाटा होत्या.

जिने चढून पाय बोलायला लागले तरी वरच्या मजल्यावरची राणी लुईझची खोली सोडू नका. 1589 मध्ये नवऱ्याचा, तिसऱ्या हेन्रीचा, खून झाल्यावर ती इथे राहिली. काळ्या रंगावर चितारलेले चंदेरी अश्रू जरा थांबून, जवळून बघा. स्वयंपाकघर महालाच्या नदीतल्या खांबांत आहे, ते शेवटी.