पाणी चाळीस फुटांवर असतानाच

सांगली
रविवार, रात्री

बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव मुद्दाम लिहीत नाही. हा कागद अभ्यासिकेच्या टेबलावर एखाद्या पुस्तकात राहिला तर कुणाला काही कळायला नको. परवा सगळे चहाला गेल्यावर तू जे सांगितलंस, त्यावर मला नीट बोलता आलं नाही. पोरं परत आली आणि तू पुस्तक उघडून मान खाली घातलीस. म्हणून लिहायला बसले.

तू सांगितलंस ते फार बरं केलंस. "मॅडम, मी स्वतःला इजा करून घेतो," एवढं बोलण्याआधी तू तीनदा माझ्यापाशी येऊन नुसती पेनाची रिफिल मागून गेलास. ते वाक्य किती जड होतं, ते मला त्यावरून कळलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी, मी शाळेत शिकवत होते तेव्हा, एका मुलीनं मला असंच काहीसं सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, "तुला काय कमी आहे गं? आईबापाकडं बघ जरा." ती "हो मॅडम" म्हणाली आणि त्या विषयावर पुन्हा कधीच बोलली नाही. तिला मदत कुठून मिळाली, मिळाली की नाही, मला माहीत नाही. हे मला अजून सलतं. त्यामुळं तुला काय कमी आहे, हे मी विचारणार नाही. हे नाटक नाही, लक्ष वेधून घेणं नाही आणि मन कच्चं असल्याचा पुरावा तर नाहीच. आतला ताण सहन होईना की माणूस हाताला लागेल तो उपाय करतो. क्षणभर सुटल्यासारखं वाटत असेल, पण मागून शरम येते, ती लपवण्याचा ताण येतो, आणि त्याच ताणातून पुढची ऊर्मी उठते. हे चक्र तूच मला सांगितलंस, फक्त वेगळ्या शब्दांत.

आता नदीचं बोलू. तू तासगावकडचा, तुमच्याकडं पाण्याची वाट बघायची सवय. आम्हा सांगलीकरांना पाण्यावर नजर ठेवायची सवय. पावसाळ्यात इथं घराघरात एकच आकडा विचारतात, "किती फूट झालं?" चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस धोक्याची. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांपर्यंत गेलं, ते तूही पाहिलंस. सूर्यवंशी प्लॉटमधली माणसं पंचेचाळीसची वाट बघत नाहीत. पाणी चढायला लागलं की गॅस, धान्याचे डबे, पोरांची दप्तरं वरच्या मजल्यावर. कुणी त्यांना भित्रं म्हणत नाही.

तुझ्या ऊर्मीचंही असंच आहे. ती चढते, एका टोकाला जाते आणि ओसरते. टोकावर असताना वाटतं की ही आता उतरायचीच नाही. पण तिला खतपाणी घातलं नाही तर ती उतरते, बहुतेक वेळा थोड्याच वेळात. तेवढा वेळ काढायचा असतो. आणखी एक, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आज इथं चढलेलं पाणी इथल्या पावसाचं नसतं. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि मग खाली आपल्याकडं येतं. रात्री अकराला खोलीत जे उसळतं, त्याचा पाऊस कधी आदल्या दिवशी पडलेला असतो. दोन रात्री झोप नाही, दुपारी जेवण टाळलं, बेदाण्याचा दर पडल्याचा वडिलांचा फोन आला, चाचणीत मार्क कमी पडले. तुला वाटतं ऊर्मी अचानक आली. आठवडाभर एका वहीत रोज दोन ओळी लिही: झोप किती, खाल्लं काय, कुणाशी काय बोलणं झालं, मन कसं होतं. वरच्या धरणातून पाणी कधी सुटतं ते तुझं तुला दिसायला लागेल.

आणि पाणी चाळीसवर आलं की काय करायचं? सगळ्यात आधी खोली सोड. एकटा बसू नकोस. वसतिगृहाच्या गच्चीवर नको, माणसांत ये. अभ्यासिकेत ये, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर ये, आमराईत झपाझप चालून ये. तोंडावर गार पाणी मार. श्वास घेशील त्यापेक्षा सोडताना जास्त वेळ घे, नाकातून घे आणि मेणबत्तीवर फुंकर घालावी तसा सावकाश सोड, दहा-पंधरा वेळा. मग स्वतःला सांग, "पुढची पंधरा मिनिटं काही करणार नाही." ती गेली की आणखी पंधरा. आणि ज्या वस्तूकडं हात जातो, ती खोलीत ठेवूच नकोस. मला आणून दे, मी काही विचारणार नाही. मन डळमळीत असताना वस्तू हाताशी नसणं याचाच आधार फार मोठा असतो.

दारू मात्र नको. तुझ्या खोलीवरचे "टेन्शन जातं" म्हणत असतील. तेवढ्यापुरता आवरणारा हातही ती सैल करते.

हे सगळं मी वेळ मारून नेण्यासाठी सांगतेय, औषध म्हणून नाही. औषध डॉक्टरांकडं आहे. याच त्रासासाठी मार्शा लिनेहान नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी नावाची उपचारपद्धत घडवली. भावना उसळली की तिच्यासोबत कसं थांबायचं, हे त्यात पायरीपायरीनं शिकवतात. आणि २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः यातून गेल्या होत्या. मला हे कळलं तेव्हा बराच वेळ मी खिडकीत बसून होते. यातून बाहेर पडणारी माणसं असतात, आणि त्यातली काही पुढं दुसऱ्यांसाठी वाट करून ठेवतात.

इथं सांगलीत सिव्हिलला मानसोपचाराचा विभाग आहे. साताऱ्यात मावशीकडं असशील तर तिथल्या सिव्हिललाही जाता येईल. पहिल्या भेटीत झोप, भूक, घर, त्रास किती दिवसांचा, असं विचारतात. गोळ्या दिल्या तर त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. पहिल्या समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसरा बघायचा. दाताच्या डॉक्टरला आपण बदलतोच की.

फोन करायचा असेल तर टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, १४४१६. केंद्र सरकारनं २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू केली. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. एक चार चार एक सहा, पाठ कर. आणि बाळा, कधी इजेच्याही पुढचा विचार आला, जगूच नये असं वाटलं, तर पंधरा मिनिटांचा हिशेब करत बसू नकोस. त्याच क्षणी शेजारच्या खोलीचं दार वाजव, मला फोन कर, कितीही वाजले असोत. १४४१६ लाव, किंवा ११२ लावून थेट सिव्हिलच्या अपघात विभागात ये. अंगावर जखम असेल तर तीही दाखव, झाकून ठेवून चिघळवू नकोस. डॉक्टरांना लाजायचं नसतं.

तू विचारलंस, "केस होईल का? उद्या सरकारी नोकरीला अडचण?" केसची भीती काढून टाक. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावरही खटला नको, त्याला सरकारनं उपचार द्यावेत, असं त्यात म्हटलंय. आणि ज्या कलमाची लोक भीती घालायचे, जीव द्यायचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं ते ३०९ कलम, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेत ठेवलेलंच नाही. नोकरीचं म्हणशील, तर बुडणारा माणूस आधी काठ धरतो.

घरच्यांना सांगायचं तर मोठं भाषण नको. आधी आईला सांग, वडील बागेत असताना. "आई, मला बरेच दिवस आतून त्रास होतोय. त्या त्रासात मी स्वतःला इजा करतो. मी डॉक्टरांना दाखवणार आहे, मला तुझी सोबत हवी." ती रडेल. कदाचित म्हणेल, कुणाची नजर लागली, देवरुषाकडं नेऊ. तिच्यावर चिडू नकोस. अंगारा लावला तर लावून घे, पण डॉक्टरांची तारीख मोडू नकोस. वडील गप्प बसतील, कदाचित दोन दिवस. शेतकऱ्याचं गप्प बसणं म्हणजे राग असं नाही, ते मनातल्या मनात वाट शोधत असतात. तुला अवघड वाटलं तर मी येते तासगावला. तुझ्या आईच्या हातचं पिठलं खायचं निमित्त करू.

उद्या सोमवार. सकाळी साडेनऊला मी सिव्हिलच्या केसपेपरच्या खिडकीपाशी उभी असेन, छत्री निळी आहे. गर्दी असते, तेव्हा आधारकार्ड आणि पाण्याची बाटली घेऊन ये. नंबर लागेपर्यंत बोललो नाही तरी चालेल. डबा मी दोघांचा आणते.

तुझी,
मॅडम