वाचकांचे प्रश्न : बिघाडाची नोंद करावी की नाही?

प्रश्न : मी उड्डाण प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षक आहे. एका विमानात उजव्या मॅग्नेटोच्या (इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राच्या) तपासणीवेळी आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, मर्यादेबाहेर घसरतात. तरीही ‘तोंडी सांगा, लॉगमध्ये लिहू नका’ असा व्यवस्थापनाचा आग्रह असतो. काय करावे?

उत्तर : नोंद लगेच आणि लेखीच करावी. टेक्निकल लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, बिघाड नोंदला गेला की परवानाधारक अभियंत्याने तो तपासून सही केल्याखेरीज विमान उडवता येत नाही, आणि तोंडी सांगण्याचा आग्रह होतो तो नेमका यासाठीच. व्यवस्थापनाची अडचण खोटी नाही. व्यावसायिक वैमानिक परवान्याला उड्डाणाचे २०० तास लागतात, पालकांनी अनेकदा कर्ज काढलेले असते आणि हँगरमध्ये उभे विमान काही कमवत नाही. तथापि, विद्यार्थ्यासोबतच्या उड्डाणात विमानाचे प्रमुख आपण असल्यामुळे, विमानाबाबतचा अंतिम निर्णय आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आपलाच ठरतो. व्यवस्थापकाचा तोंडी आदेश चौकशीत आपल्या कामी येणार नाही. संस्थेच्या सुरक्षा व्यवस्थापकाला तारीख, विमानाचा क्रमांक आणि आरपीएमची घसरण लेखी कळवून पोच घ्यावी. तेथे दाद लागली नाही, तर डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) ऐच्छिक सुरक्षा अहवाल पाठवता येतो.