फ्लूनंतर लगेच हर्नियाची जाळी बसवली तर शरीर ती नाकारेल का?

नाकारणार नाही. दुसऱ्याची किडनी बसवल्यावर असते तशी भीती इथे नाही, कारण पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या जाळीत परक्या पेशीच नसतात. तरीही तुमच्या फ्लूला जेमतेम आठवडा झालाय आणि खोकला अजून आहे, तर पुढच्या आठवड्यातली शस्त्रक्रियेची तारीख बदलून घ्या.

जाळी आत गेली की काही मिनिटांतच प्रथिनं तिला चिकटतात. पहिले एक-दोन दिवस न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, मागोमाग मॅक्रोफेज, म्हणजे परक्या वस्तू गिळणाऱ्या पेशी. पुढच्या काही आठवड्यांत छिद्रांतून तंतुमय ऊती वाढते आणि जाळी पक्की बसते. विषाणूशी झुंज चालू असताना मात्र शरीरात इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूविरोधी संदेश देणाऱ्या प्रथिनांचा, जोर असतो आणि मॅक्रोफेज हल्ल्याच्या पवित्र्यात असतात. जखम भरून येण्याला मात्र इंटरल्यूकिन-४ या दुसऱ्या संदेशवाहक प्रथिनाचा मार्ग सोयीचा. प्राण्यांच्या ऊतींतल्या पेशी काढून बनवलेल्या जैविक जाळीच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या मांडीच्या जखमेत अशा प्रकारचं साहित्य वापरलं, तेव्हा स्नायू भरून येण्यासाठी मदतनीस टी पेशी (इतर रोगप्रतिकारक पेशींना दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि इंटरल्यूकिन-४ लागतात असं दिसलं.

जुन्या इम्प्लांटभोवतीही मॅक्रोफेज टिकून असतात. चेहऱ्यात हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर (सुरकुत्या भरण्यासाठी टोचलेलं जेल) असलेल्यांना फ्लूसारख्या आजारानंतर तिथे सूज आल्याच्या नोंदी आहेत. मॉडर्नाच्या कोविड लसचाचणीतही फिलर घेतलेल्या तिघांचा चेहरा किंवा ओठ सुजले होते. एफडीए या अमेरिकी औषध नियामक संस्थेच्या डिसेंबर २०२० च्या कागदपत्रांत ते आहे.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी काही साध्या गोष्टींची वाटते. खोकल्याने पोटातला दाब वाढतो आणि ऊती रुजण्याआधी जाळीच्या कडांवर ताण येतो. श्वासनलिकाही फ्लूनंतर काही आठवडे चिडखोर राहते, त्यामुळे भूल देताना ती आवळण्याचा धोका. शिवाय फ्लूनंतर फुफ्फुसात स्टॅफिलोकॉकससारखे जीवाणू सहज शिरतात. हा जीवाणू जाळीवर बसला की चिकट थर करतो, त्यात ना अँटिबायोटिक नीट पोचतं ना पांढऱ्या पेशी. कधीकधी जाळीच काढावी लागते.

म्हणून ताप जाऊन निदान दोन आठवडे झालेले असावेत, खोकला थांबलेला असावा. ताप डेंग्यूचा असेल तर प्लेटलेट पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट हवा. भूलतज्ज्ञांना तापाची तारीख आणि घेतलेल्या गोळ्या, विशेषतः स्टेरॉइड, आधीच सांगा. हर्निया अडकून दुखायला लागला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर यातलं काहीही न पाहता थेट इस्पितळ गाठा.