फाळ लागलेली नडगी आणि हाडवैद्याच्या कामट्या

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझा दीर २६ वर्षांचा आहे. तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी चोपड्याहून मोटारसायकलवर घरी येत होता. शेतरस्त्यातून एक ट्रॅक्टर डांबरीवर वळला, मागे कल्टिव्हेटर होता, त्याचा फाळ याच्या नडगीत घुसला. हाड दिसत होतं, जखमेत काळी माती. दवाखान्यात जखम धुऊन बाहेरून सळया बसवल्या. आता दोन सळयांपाशी पू येतो. डॉक्टर म्हणतात, पू थांबला की आत रॉड टाकू. सासरे म्हणतात, सळया काढा, हाडवैद्य कामट्या बांधून महिन्याभरात चालता करतो. ट्रॅक्टरवाला भाऊबंदातला, म्हणून पोलिसांत काही दिलेलं नाही. काय करावं?
— एक वहिनी, यावल तालुका

उत्तर : ताई, सासऱ्यांना आधी एवढंच विचारा, की कातडी फाटून हाड बाहेर आलेल्या पायावर कामट्या बांधणार कशा? हाडवैद्याकडे जाऊन बरे झालेले जे लोक ते सांगतात, त्यांचं हाड बहुधा आतल्या आत मोडलेलं आणि जागचं न हललेलं असतं. तसं हाड नुसतं सांभाळलं तरी जुळतं, आणि श्रेय कामट्यांना मिळतं. तुमच्या दिराची गोष्ट निराळी आहे. घट्ट बांधलेल्या पायाची सूज आत कोंडते, रक्त अडतं आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. पायाची बोटं हळूच वर ओढली तरी माणूस किंचाळतो, ही त्याची पहिली खूण. बोटं काळी पडल्यावर आणलेले पाय मी पाहिले आहेत. ते वाचत नाहीत.

कल्टिव्हेटरचा मार वाईट का, तेही सांगतो. ट्रॅक्टर एका बाजूला वळतो तेव्हा मागचं अवजार उलट्या बाजूला बाहेर फेकलं जातं. मोटारसायकलवाला पुढची चाकं बघून वाट काढतो आणि फाळ नेमका नडगीच्या उंचीवर येतो. नडगीपुढे मांस जवळजवळ नसतंच, कातडीखाली लगेच हाड. वर फाळाला शेणखताची माती. म्हणून अशी जखम दिसायला बोटभर असली तरी आम्ही ती मोठीच धरतो: धनुर्वाताचं इंजेक्शन, शक्यतो पहिल्या तासातच शिरेतून अँटिबायोटिक आणि थिएटरमध्ये भरपूर सलाईनने धुणं. पहिल्याच दिवशी आत लोखंड बसवलं तर माती त्याच्या आडोशाला राहायची भीती असते, म्हणून सळया बाहेरून. तुमच्या डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही.

आता पू. सळईपाशी पातळ, पाण्यासारखं काही झिरपलं तर घाबरू नका. घट्ट पिवळा पू, भोवती लाली, ताप किंवा सळई हलताना ठणका, यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता आजच दाखवा. रोज साबणाने हात धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाईनने प्रत्येक सळईसाठी वेगळा कापूस घेऊन पुसा. हळद, खोबरेल, बिब्बा यातलं काही नको. आणि रॉडची घाई तुम्हीही करू नका. पू असताना आत टाकलेला रॉड जंतू थेट हाडाच्या नळीत नेतो.

दीर तंबाखू मळतो का, हे पत्रात नाही. मळत असेल तर बंद. चुना लावून खाल्ली काय नि ओढली काय, हाड जुळायला उशीर होतोच. उडदाची दाळ, दादरची म्हणजे ज्वारीची भाकरी, दूध, अंडी चालतील. तरी अशा नडगीला पाच-सहा महिने सहज लागतात.

पोलिसांचं मात्र टाळू नका. रस्ता अपघातात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना २०२५ पासून आहे, पण ती मुदत तुमच्या हातून गेली. भरपाईच्या दाव्याला कायद्यात सहा महिने दिले आहेत. ट्रॅक्टरचा विमा चालू असेल तर पैसे सहसा कंपनी देते, भाऊबंदाच्या खिशाला हात लागत नाही, हे घरात स्पष्ट बोला. उशीर का झाला ते सांगून तक्रार अजूनही देता येते. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं एका पिशवीत ठेवा.

मोटारसायकलचा विषय तो काढेलच. पाय डावा की उजवा, ते तुम्ही लिहिलेलं नाही. उजवा असेल तर मागचा ब्रेक त्याच पायाने दाबायचा असतो, तेव्हा एक्स-रेत हाड जुळलेलं दिसून काठीशिवाय चालता येईपर्यंत किल्ली तुमच्याकडे ठेवा.