सरकारी वकिलाला खासदार व्हायचं असेल तर पद सोडावं लागतं का? निवडून आल्यावर वकिली करता येते का?

आधी तुमच्या नेमणुकीचा आदेश काढून वाचा. ‘सरकारी वकील’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमणूक कोणत्या प्रकारची आहे त्यावर ठरतं.

न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात काम पाहणारे सहायक सरकारी अभियोक्ता हे पगारी सरकारी नोकर. त्यांना राजीनामा द्यावाच लागतो, आणि नुसता देऊन भागत नाही, तो मंजूर झालेला असावा लागतो. घटनेच्या कलम १०२ प्रमाणे सरकारकडे लाभाचं पद (ज्यातून पगार किंवा आर्थिक फायदा मिळतो असं पद) असलेली व्यक्ती खासदारकीला अपात्र ठरते, आणि उमेदवाराची पात्रता बघतात ती अर्जांच्या छाननीच्या दिवशी. गडबड नेमकी इथेच होते. तिकीट पक्कं होईपर्यंत माणूस थांबतो, राजीनामा देतो, मंजुरीचा कागद कार्यालयात अडकतो आणि अर्ज बाद होतो. निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका.

विशेष सरकारी वकिलाचं तसं नाही. किमान १० वर्षं वकिली झालेल्याला ठराविक खटल्यापुरतं नेमतात, मोबदला फीच्या रूपात. राजस्थानच्या आमदार कांता कथुरिया यांना एका लवाद प्रकरणापुरतं असंच सरकारतर्फे नेमलं होतं. ते लाभाचं पद धरून हायकोर्टाने त्यांची आमदार म्हणून झालेली निवड रद्द केली. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मात्र निवड कायम केली. पाचपैकी तीन न्यायमूर्तींच्या मते एका प्रकरणापुरतं काम म्हणजे ‘पद’ नव्हे. दोघांचं मत मात्र उलट होतं, म्हणून या निकालाच्या भरवशावर राहू नये असं मला ठामपणे वाटतं. उज्ज्वल निकम यांनीही २०२४ मध्ये उमेदवारी मिळाल्यावर सरकारी खटल्यांचे राजीनामे दिले होते. मुंबई उत्तर मध्यमधून ते १६,५१४ मतांनी हरले आणि जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेले. अशा नियुक्तीच्या १२ जागा साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा यांसाठी आहेत. कायद्याचा वेगळा उल्लेख कलम ८० मध्ये नाही.

लोकसभेसाठी वय २५ पूर्ण हवं, राज्यसभेसाठी ३०. लोकसभेची अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्मी. अपक्षाला १० सूचक लागतात. अर्जासोबतच्या नमुना २६ मधल्या शपथपत्रातला एकही रकाना कोरा ठेवू नका. देण्यासारखं काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा.

निवडून आल्यावर वकिली करता येते. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलचा नियम ४९ पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करू देत नाही; पण खासदार-आमदार हे त्या नियमातले पूर्णवेळ पगारी नोकर नव्हेत, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. पण खासदार असताना सरकारतर्फे नवी नेमणूक घेतलीत तर कलम १०२ पुन्हा आडवं येऊ शकतं, कारण ती अट सदस्य असेपर्यंत लागू राहते. तशी तक्रार झाली की राष्ट्रपती निवडणूक आयोगाचं मत घेऊन निर्णय देतात. आपण अपात्र आहोत हे माहीत असूनही सभागृहात बसलात, तर कलम १०४ प्रमाणे दर दिवसाला ५०० रुपये दंड आहे.