ताईनं माझ्या वाट्याचं घेतलं

"मॅडम, मोहरीची गोष्ट सांगणार असाल, तर मी आत्ताच उठतो."

समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विशाल हे बोलला. (नाव, वय, नोकरी सगळं बदललं आहे आणि हे लिहिलेलं आधी त्याला वाचून दाखवलं आहे.) वय एकतीस, बुटीबोरीच्या एका कारखान्यात शिफ्टची नोकरी, घर उत्तर नागपुरात. सात महिन्यांपूर्वी, जानेवारीच्या कडाक्यात त्याची मोठी बहीण गेली होती. सिकलसेलनं, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारानं.

मोहरीची गोष्ट म्हणजे किसा गोतमीची. गेलेलं मूल उराशी धरून औषध मागत फिरणाऱ्या त्या आईला बुद्धांनी सांगितलं, ज्या घरात कधी कुणी मेलं नाही, अशा घरातून मोहरी घेऊन ये. बौद्ध घरात कुणी गेल्यावर करतात त्या जलदान विधीच्या दिवशी तिघांनी विशालला ती ऐकवली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माइकवरून पुन्हा ऐकवली. वर काकांचा सल्ला होताच : "बाबू, आपल्यात रडारड नसते. सगळं अनित्य आहे. तू आता आईबाबाले सांभाळ."

"सांभाळून राहिलो ना मी," तो म्हणाला. "पण रात्री दोन वाजता जाग येते अन् मी गॅसवर पाणी ठेवतो."

थंडी पडली की ताईचं दुखणं उठायचं. गुडघे, पाठ, कधी छाती. पाणी तापवून रबरी पिशवीत भरायचं, टॉवेल गुंडाळून तिच्या गुडघ्यांवर धरायचं, हे शाळेत असल्यापासून त्याचं काम. आई दिवसभर थकलेली असायची, म्हणून रात्रीची पाळी त्याची. आता पिशवी खुंटीला टांगलेली आहे. पाणी उकळून आटायला लागतं, तेव्हा त्याला भान येतं.

मग त्यानं तो प्रश्न विचारला, ज्यासाठी तो खरं तर आला होता. "माहे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ले दीक्षाभूमीवर होते. घरात रोज वंदना होते. मले सगळं पाठ आहे. मग सहन काहून होत नाही? माही श्रद्धाच कच्ची आहे का?"

हा प्रश्न मी दर महिन्याला ऐकते. वारकऱ्याच्या घरातून ऐकते, ताजबागेत चादर चढवणाऱ्यांकडून ऐकते, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या बाईकडूनही ऐकला आहे. शब्द तेवढे वेगळे. मी स्वतः तुळशीला पाणी घालणारी बाई आहे. वडील गेले तेव्हा हाच प्रश्न मलाही छळत होता. त्यामुळे याचं उत्तर मी ठामपणे देते : रडू येणं हा श्रद्धेचा नापास झालेला पेपर नाही. जे अनित्य आहे, त्यावरच तर आपण जीव लावलेला असतो.

आणखी एक गोष्ट मला इथं कळकळीनं सांगायची आहे. भाऊ किंवा बहीण गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण उरलेल्या भावंडाला विचारतो, "आई कशी आहे?" तुझं काय चाललंय, हे कुणी विचारत नाही. आईवडिलांच्या दुःखापुढे आपलं दुःख काढायचं कसं, म्हणून तेही गिळून बसतात. तुमचं लहानपण तुमच्याइतकंच ठाऊक असलेलं माणूस जातं, आणि तुम्हाला चहाचे कप भरायला उभं केलं जातं.

विशालच्या मनातला खरा काटा तिसऱ्या भेटीत हाती लागला. "तिच्या जागी मी जायले पाहिजे होतो," तो म्हणाला. असं वाक्य आलं की मी आडवळण घेत नाही. जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारलं. विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही. उलट माणूस मोकळा होतो. तो नाही म्हणाला, आणि मग थांबत थांबत त्यानं एक चित्र सांगितलं.

तो नऊ-दहा वर्षांचा असताना ताईला दाखवायला नेलं होतं, तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता होता. वर आईवडील, दोघंही अर्धे लाल. खाली चार पोरं : एक पूर्ण लाल, दोन अर्धी, एक पांढरं. ताई पूर्ण लाल, एसएस, म्हणजे आजार असलेली. तपासणीत तो निघाला अर्धा, एएस, म्हणजे नुसता वाहक. पोराच्या मनानं हिशेब केला की लाल जागा एकच होती. ती ताईनं घेतली, म्हणून मी वाचलो. "तिनं माह्या वाट्याचं घेतलं, मॅडम." बावीस वर्षं हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. ताईलाही नाही.

मी पर्समधून रुपयाची दोन नाणी काढून टेबलावर ठेवली. एक आईचं, एक बाबांचं. दोन्ही छापे पडले तर एसएस. त्यानं उडवली. पुन्हा उडवायला सांगितली. आता सांग, या नाण्यांना मघाशी काय पडलं होतं ते माहीत आहे? आईवडील दोघंही वाहक असले, तर एसएसची शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्यानं चारात एक असते. पंचवीस टक्के ताईच्या वेळी होते, तेवढेच पुन्हा तुझ्या वेळी होते. तिला झाला म्हणून तू वाचला नाहीस. तिला नसता, तरी तुझं नाणं तेच पडलं असतं.

तो बराच वेळ नाणी उडवत बसला. मी बोलले नाही.

पुढच्या भेटीत तोच म्हणाला, "शेजारची एक बाई म्हणाली होती, मागच्या जन्माचे भोग. मी तिच्यावर भडकलो होतो. बाबासाहेबांनी हे मागच्या जन्माचं कर्म मानलंच नाही. अन् मी मात्र तसलाच हिशेब उरावर घेऊन फिरून राहिलो होतो." कार्यकारणभाव त्याला वंदनेइतकाच पाठ होता, फक्त तो ताईच्या रक्ताला लावायची हिंमत झाली नव्हती. बळ मिळालं ते त्याच्या या श्रद्धेतूनच. मी धर्माचं काहीच शिकवलं नाही, ते माझं कामही नव्हे.

म्हणूनच पुढचे प्रश्न घेऊन मी त्याला त्याच्या विहारातल्या भंतेजींकडे पाठवलं. त्यांनी मोहरी काढली नाही. पटाचारेची गोष्ट सांगितली. नवरा सर्पदंशानं गेला, दोन्ही मुलं वाटेत गमावली, आणि श्रावस्तीत पोचते तो कळलं की रात्रीच्या वादळात घर कोसळलं. आई, वडील आणि भाऊ एकाच चितेवर जळत आहेत. अंगावरच्या वस्त्राचीही शुद्ध न राहिलेली ती बाई जेतवनात शिरली, तेव्हा लोक तिला अडवू लागले. बुद्धांनी येऊ दिलं. म्हणाले, भगिनी, भानावर ये. कुणीतरी तिच्याकडे आपलं वस्त्र टाकलं. उपदेश त्यानंतर. "पहिले कपडा देल्ला, मॅडम," विशाल मला म्हणाला. "अन् त्या चितेवर तिचा भाऊ होता."

घरातल्या पुस्तकांत त्याला आणखी एक गोष्ट सापडली. मुलगा राजरत्न गेल्यावर, १९२६ मध्ये, बाबासाहेबांनी मित्राला लिहिलं होतं की या धक्क्यातून आपण सावरलो, असा आव आणण्यात अर्थ नाही. ते पान त्यानं काकांसमोर ठेवलं. काका काही न बोलता गच्चीवर गेले. विशालही मागोमाग गेला.

वर्ष उलटूनही झोप, जेवण, काम रुळावर येत नसेल किंवा केव्हाही जगणं नकोसं वाटत असेल, तर श्रद्धेच्या जोडीनं उपचारही घ्या. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

विशालच्या विहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात. वाचणाऱ्यांच्या पाळ्यांचा कागद दाराशी चिकटवलेला असतो. गेल्या वर्षीचाच कागद अजून होता, आणि गुरुवारपुढे ताईचं नाव. आधी तो चिडला, कुणाला खोडायचंही सुचलं नाही म्हणून. दुसऱ्या गुरुवारी जाऊन सांगून आला, खोडू नका, खाली माझं लिहा.

परवा आला होता. "दोन पानं वाचली," म्हणाला. "तिसऱ्याले आवाज गेला. मग भिंतीजवळच्या आजीनं चष्मा लावला, पुस्तक माह्या मांडीवरच राहू देल्लं अन् पुढचं वाचलं."