वाचकांचे प्रश्न : थंडीचे महिने कॅम्पर व्हॅनमध्ये

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त असून मिनीआपोलिसला राहतो. इथला जानेवारी आता सोसवत नाही. यंदा आम्ही एक वापरलेली कॅम्पर व्हॅन घेतली असून डिसेंबर ते मार्च ॲरिझोनात काढावा, असा विचार आहे. मात्र गाडीतील नळ गोठतील, रोज नवी जागा शोधावी लागेल आणि आजारपण आल्यास पंचाईत होईल, अशी धास्ती वाटते. हा बेत आम्हाला झेपेल का?
— एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : झेपेल, मात्र जागा निवडताना राज्याच्या नावापेक्षा समुद्रसपाटीपासूनची उंची आधी पाहावी. फ्लॅगस्टाफ आणि क्वार्ट्झसाइट ही दोन्ही गावे ॲरिझोनातच आहेत. परंतु पहिले सुमारे २,१०० मीटर उंचीवर असल्याने तिथे भरपूर बर्फ पडतो, तर दुसरे जेमतेम २७० मीटरवर असल्याने जानेवारीतही दिवसाचे तापमान साधारण २० अंश सेल्सियसच्या आसपास राहते. वाळवंटातील रात्र मात्र गार असते, म्हणून गाडीची तयारी रात्रीचा विचार करून करावी. जातानाही आंतरराज्य महामार्ग ४० ने फ्लॅगस्टाफवरून जाण्यापेक्षा टेक्सासमार्गे महामार्ग १० धरावा. तो लांबचा पडतो, पण तुलनेने कमी उंचीवरून जातो.

नळांची काळजी रास्त आहे. मिनेसोटातून निघताना गाडीच्या नळांत पाणी असूच नये. टाकी आणि गीझर पूर्ण रिकामे करून, गीझर बायपास करून, आरव्हीच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, नळांसाठी मिळणारे गुलाबी अँटिफ्रीझ (न गोठणारा द्रव) पंपाने सोडावे आणि स्वयंपाकाचा नळ, शॉवर, शौचालय अशा प्रत्येक ठिकाणी गुलाबी धार येईपर्यंत पंप चालू ठेवावा. इंजिनाचे अँटिफ्रीझ विषारी असते. ते चुकूनही वापरू नये. वाटेत पिण्यासाठी कॅनमधले पाणी पुरते. दक्षिणेत पोचल्यावर नळ स्वच्छ धुऊन मगच टाकी भरावी.

रोज जागा बदलण्याची मुळीच गरज नाही, आणि आपल्या वयात ती दगदग करूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याच्या मोकळ्या जमिनीवर एरवी २८ दिवसांत १४ दिवसांच्या मुक्कामाची मर्यादा असते. पण उत्तरेकडून येणाऱ्या हिवाळी पाहुण्यांसाठी याच खात्याने १९८३ पासून दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे राखली असून, शुल्क भरून परवाना घेतल्यास १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात तिथे राहता येते. क्वार्ट्झसाइटजवळचे ला पोसा हे त्यांपैकी एक. तिथे पाणी भरण्याची आणि सांडपाणी टाकण्याची सोय आहे. विजेची जोडणी मात्र नाही.

म्हणून वीज जपावी लागते. डिसेंबरमध्ये तिथला सूर्य दुपारीही क्षितिजापासून सुमारे ३३ अंशच वर येतो, त्यामुळे टपावर सपाट बसवलेले सोलर पॅनेल उन्हाळ्याइतकी वीज देत नाही, आणि हीटरचा पंखा तर रात्रभर बॅटरी खातो. लिथियम बॅटरी असल्यास ती शून्य अंशाखाली चार्ज होऊ देऊ नये. ऊब मिळावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवणे जिवावर बेतू शकते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी तपासावे. आपल्या स्वयंपाकात कुकरची वाफ फार. ती बंद गाडीत काचांवर साचते, तिथून गादीखाली ओल धरते आणि बुरशी येते. शिट्टी होताना टपावरचा पंखा चालू ठेवून एक खिडकी बोटभर उघडावी, आणि सकाळी गादी उचलून खालची फळी वाळू द्यावी.

आजारपणाविषयी : आपले वय ६५ च्या पुढे असून मूळ मेडिकेअर (केंद्र सरकारचा ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) असेल, तर कोणत्याही राज्यातील, मेडिकेअर स्वीकारणाऱ्या डॉक्टरांकडे ते चालते. खासगी विमा कंपनीमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनेत मात्र डॉक्टरांचे जाळे बहुधा आपल्या भागापुरते असते आणि परक्या राज्यात तातडीचे उपचार सोडून इतर खर्च अंगावर पडू शकतो, तेव्हा मुक्काम ठरवण्याआधी विमा कंपनीकडून हे लेखी मागून घ्यावे, आणि चार महिन्यांची औषधे एकदम मिळतील का, हेही त्याच वेळी विचारावे.